आकी गुंटालांचं पाणी

किनाबालू डोंगराकडे आमच्या घरात कुणी बोट दाखवत नाही. आपली मेलेली माणसं तिथे राहायला जातात, आणि स्वतःच्या पणजीवर बोट रोखायचं म्हणजे काय? म्हणून मूठ मिटून अंगठा पुढे करायचा, नाहीतर हनुवटी उचलायची. या सभ्यपणापायी आकी गुंटाल चाळीस वर्षं खोटे ठरले होते.

आकी म्हणजे माझे आजोबा. तरुणपणी ते डोंगरावर वाटाडे होते. एकदा धुक्यात वाट चुकले आणि तीन दिवस एका धबधब्याच्या पाण्यावर जगले, असं ते सांगत. तो धबधबा गावातूनही दिसतो, पण मोठा पाऊस होऊन गेल्यावर, मावळतीच्या तिरप्या उन्हात, काही मिनिटंच. एवढं सांगून ते अंगठा पुढे करत. दोन ओळखीच्या धबधब्यांच्या मधला काळा कडा, तोच दाखवताहेत असं समजून, गावाने डोळे फाडून पाहिला. तिथे काही नव्हतं. मग कुणी थाप मारली की लोक म्हणू लागले, "हे गुंटालचं पाणी दिसतंय!"

उद्या सकाळी आकी कायमचे शहरात, माझ्या आत्याकडे जाणार होते. थापाड्या म्हणून ते गावातून जाणार, हे मला अजिबात मान्य नव्हतं.

दुपारभर पाऊस कोसळला. पाच वाजता मी कोबीच्या वाफ्यांच्या वर ट्रायपॉड उभा केला आणि वाऱ्याने हलू नये म्हणून त्याला पिशवी टांगली. डोंगर ढगात गडप होता. माझा चुलतभाऊ जोनिस, हल्लीचा वाटाड्या, खिशात हात घालून शेजारी उभा राहिला.

"ताई, ढग हटायचा नाही. चल, केळ्याची भजी खाऊ."

"हटेल."

"डोंगराने तुला चिठ्ठी पाठवलीय का?"

"बारा वर्षं याचेच फोटो काढतेय. हटेल म्हटलं ना!"

सहाला दहा मिनिटं असताना हटला. ओला कातळ तांबूस झाला.

"मधलाच कडा घे पटकन," जोनिस ओरडला. "ऊन टिकणार नाही."

"अख्खा डोंगर घेणार. आकींचा अंगठा नेमका कुठे असतो ते तुला तरी कळलंय का?"

अख्खा डोंगर बारकाव्यांसकट घ्यायचा तर तुकड्या-तुकड्यांचे फोटो काढून नंतर जोडावे लागतात. फोटोंची रांग कुठून सुरू झाली ते नंतर कळावं म्हणून आधी स्वतःच्या हाताचा एक फोटो घेतात. मी मुठीचा घेते. उजेडाचं माप एकदा बसवलं आणि पुन्हा हात लावला नाही. सावली खालून वर चढते, म्हणून खालची ओळ आधी. प्रत्येक फोटोत आधीच्याचा तिसरा हिस्सा यायलाच हवा, नाहीतर जोडताना डोंगराला भोक पडतं. तीन ओळी, सहासष्ट फोटो. मी घाई केली नाही. शेवटचा फोटो घेतला आणि शिखर राखाडी झालं.

घरी फोटो जोडून मी टीव्हीच्या मोठ्या पडद्यावर लावले. जोनिसने मधला कडा वाढवून वाढवून पाहिला. कोरडा ठणठणीत.

"गुंटालचं पाणी!" तो हसला.

आकी दारात उभे होते. त्यांनी ऐकलं. मला जोनिसच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

"तिथे नाही रे," आकी म्हणाले आणि सवयीने अंगठा पुढे केला.

"आकी, हा डोंगर नाही, काच आहे," मी म्हणाले. "बोट लावा."

ते घुटमळले. मग त्यांनी चित्रातल्या शिखराला मान लववली, पुढे झाले आणि हळूच तर्जनी टेकवली. मधल्या कड्यावर नाही, पार उजव्या टोकाला. तिकडे गावाने कधी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

मी तो भाग मोठा केला. मग आणखी मोठा केला. कातळाच्या खाचेतून एक बारीक पांढरी धार उतरत होती आणि तिच्या टोकाला उन्हाने तांबूस झालेला एवढासा डोह होता.

आकींनी बोट काढलं नाही. जोनिस त्यांच्या पायाशी येऊन बसला.

"आकी," त्याने विचारलं, "कसं होतं पाणी?"

आकींचे डोळे भरून आले.

"गार होतं रे," ते म्हणाले. "चाळीस वर्षांत हे कुणी विचारलंच नाही."