घाटात आलेला शब्द

मुकुंदवाडीच्या रामकिसननं उभं आयुष्य खुलताबादच्या रस्त्यावर प्रवासी जीप चालवली. जीपला नवे टायर घातले आणि त्याच आठवड्यात त्याला लकवा मारला. उजवा हात गेला, वाचा गेली. नुसतं "हां" उरलं. जीप घरामागच्या लिंबाखाली उभी राहिली ती वर्षानुवर्षं.

त्याची मुलगी संध्या वाळूजच्या कारखान्यात नोकरीला होती. अण्णांना एकदा त्यांच्या रस्त्यावरून फिरवून आणायचं तिच्या मनानं घेतलं. मेकॅनिकनं इंजिन सुरू करून दिलं. टायर मात्र तिनं स्वतःच पाहिले. नक्षी खोल होती, नव्या रबराचे बारीक केससुद्धा शाबूत होते. भरलेली हवाही टिकली.

"टायर चाललेच कुठं? नवेच हायेत," ती आईला म्हणाली.

"चालले नसतील, पण ऊनपाऊस तर खाल्लाय त्यांनी," कडूबाई म्हणाली. तरी तीही ठेवणीतली साडी नेसून मागं बसली.

जाताना सगळं झकास झालं. खुलताबादच्या वेशीजवळ चहाच्या टपरीवाल्यानं रामकिसनला ओळखलं, हात हातात घेतला. रामकिसनचे डोळे लहान मुलासारखे चमकत होते.

परतीला दौलताबादच्या घाटाचा उतार लागला. ऊन कडक, रस्ता तापलेला. रामकिसन पुढं डाव्या बाजूला बसला होता. एकाएकी तो ताठ झाला. डावा तळपाय त्यानं पत्र्यावर दाबून धरला, मान तिरकी केली. संध्याला काहीच जाणवलं नव्हतं.

"थांब!" तो ओरडला. "टायर!"

आवाज भरदार होता, तिच्या लहानपणीचा. संध्यानं विचारसुद्धा केला नाही. जीप हळूहळू कडेला घेतली, पुढं वळण होतं, त्याच्या अलीकडंच थांबवली. आईला घेऊन, अण्णांना दंडाला धरून ती बाजूच्या झाडाखाली गेली. तिथून तिनं पाहिलं. पुढच्या डाव्या टायरला नारळाएवढा फुगा आला होता.

बघता बघता तो फुटला. दणका डोंगरावर आदळून परत आला. जीप एका अंगानं बसली.

धुरळा बसल्यावर संध्या जवळ गेली. नक्षीचा अख्खा पट्टा सालीसारखा सुटला होता. आतल्या बाजूला सगळीकडं भेगाच भेगा होत्या. वरचे रबरी केस मात्र अजून तसेच. तिनं वळणापलीकडची खोल दरी पाहिली.

मागं वळली, तर कडूबाईला टायरचं भानच नव्हतं. ती नवऱ्याच्या तोंडाकडं बघत होती.

"अवं, बोललात तुमी! पुन्यांदा बोला की."

रामकिसननं ओठ हलवले. जीभ वळेना. कडूबाईनं त्याची हनुवटी हातात धरली. ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

स्टेपनीही त्याच वयाची, म्हणून जीप टेम्पोनं ओढून आणली. सगळे टायर बदलले. डॉक्टर म्हणाले, जिवावर बेतलं की कधी कधी अडकलेला शब्द सुटतो. आता रोज सराव घ्या. संध्या ड्युटीवरून आली की अण्णांसमोर बसायची. पावसाळा गेला, एकही शब्द आला नाही.

थंडीत एका सकाळी अंगणातल्या बाजेवरून आवाज आला, "पाणी."

कडूबाई तांब्या घेऊन धावली. अर्धं पाणी वाटेतच सांडलं.