थोरल्या झाडाची नातवंडं

गावच्या प्रमुखानं सकाळीच येऊन काकीच्या गोठ्याच्या भिंतीवर चुन्याची फुली मारली, तेव्हा काकी आत शेण भरत होती. बाहेर येऊन तिनं आधी फुली बघितली, मग प्रमुखाला. प्रमुख म्हणजे तिचा सख्खा पुतण्या.

गोठ्याला लागून चौक आणि चौकात एक झाड. लांबच्या एका गावात एक नावाजलेलं जुनं झाड आहे. त्याच्याखाली जमून शेतकऱ्यांनी एकेकाळी सरदाराला धान्य द्यायचं नाकारलं होतं. त्याच झाडाच्या बीचं रोप प्रमुखाच्या बापानं आठवण म्हणून इथं चौकात लावलं होतं. आता त्या गावच्या, मूळ झाडाची राखण करणाऱ्या एक बाई इथलं झाड बघायला यायच्या होत्या. त्यांनी होकार दिला की चौक वाढवून स्मारक करायचं आणि गोठा पाडायचा, असं प्रमुखानं परस्पर ठरवून टाकलं होतं.

गाय गाभण आहे, आज-उद्या विईल, असं काकीनं त्याला सांगून बघितलं. इतिहासापुढं गाईचं काय घेऊन बसलीस, असं म्हणून तो गेला.

काकी भांडली नाही, तेव्हाच आम्ही शेजारी हातातलं काम टाकून बघायला लागलो. तिनं खुरपं उचललं आणि उकिरडा गाठला. चौकातल्या झाडाच्या बिया वाऱ्यानं तिथं पडायच्या, रोपं उगवायची आणि काकी ती दरसाल उपटून फेकायची. या खेपेला तिनं ती मुळांच्या मातीसकट अलगद काढली आणि गोठ्याच्या चारी बाजूंनी लावली. विचारलं तर म्हणाली, शोभेला.

पाहुण्या बाई आल्या. प्रमुखाचं भाषण संपता संपेना. मधेच काकीनं बाईंचा हात धरला आणि त्यांना गोठ्याकडं नेलं. रोपं बघून बाई खाली मातीतच बसल्या. म्हणाल्या, आमचं झाड थकलंय, त्याचं बी आता रुजत नाही, तुमच्या या एका झाडापुढं वंश खुंटला असंच धरून चाललो होतो.

प्रमुख घाईघाईनं म्हणाला, "बाई, ही परवा लावलीत हिनं, मुद्दाम."

"आई कोण ते समोर उभंय," काकी म्हणाली. "बारसं कधी झालं ते कशाला विचारतोस?"

बाईंनी मान वर केली. "मग ही उपटणार कोण?"

सगळं गाव प्रमुखाकडं बघायला लागलं. त्यानं घाम पुसला आणि कुणीच नाही म्हणून सांगितलं.

महिन्याभरात गोठ्याला लोखंडी कुंपण झालं. फाटकाची किल्ली काकीच्या कमरेला आली. गाईला कालवड झाली होती, आणि तिला पाजता पाजता गाईनं मान लांब करून ऐतिहासिक पाला ओरबाडला.

काकीनं इकडंतिकडं बघून घेतलं. "बाई गं," ती गाईला हळूच म्हणाली, "दोन तरी ठेव."