मांडूळवकिलाची किडनी

आमच्या मोठ्या इस्पितळात एक नीतिसमिती होती. जिवंत माणसाचा अवयव काढायचा झाला, की प्रकरण तिच्यापुढे यायचं. दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय निर्णय द्यायचा नाही, हा तिचा नियम. पण सर्जनसाहेबांच्या विरुद्ध बोलायची कुणाची छाती? सगळ्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या त्यांच्याच हातच्या. म्हणून दोन्ही बाजू एकच वकील मांडायचा. टेबलाच्या डावीकडे बसला की ‘घ्यावा’, उजवीकडे बसला की ‘घेऊ नये’. लोक त्याला मांडूळ म्हणत, दोन्हीकडून तोंडच. जीभ अशी, की डावीकडून बोलला तर मेलेला माणूसही डोळे देऊन टाकायला उठून बसावा आणि उजवीकडून बोलला तर तोच ते परत मागायला यावा. खोटं वाटत असेल तर सोडून द्या.

तर या मांडुळाच्याच दोन्ही किडन्या बसल्या. जुळली कुणाची? धाकट्या बहिणीची. ती शाळेचे गणवेश शिवायची. ‘दादाला देते’ म्हणाली आणि शिलाईतून उठून समितीपुढे येऊन बसली.

अध्यक्षबाई म्हणाल्या, “वकीलसाहेब, आज विरुद्ध बाजू राहू द्या हो. घरचंच प्रकरण.”

“वा! म्हणजे स्वतःवर आलं तसा नियम गिळला, असं लोकांनी म्हणावं?” मांडूळ चाकाच्या खुर्चीतून फुत्कारला.

आधी डावीकडे गेला. माणसाचं एका किडनीवर भागतं. शरीर तिचं, माया तिची, अडवणारे आपण कोण? मेट्रनबाईंनी डोळे पुसले. सर्जनसाहेबांनी तारीखही बघून ठेवली.

मग खुर्ची गरागरा उजवीकडे.

“संमती म्हणता? जिला ‘नाही’ म्हणायची सवयच नाही, तिच्या ‘हो’ला काय किंमत? भावाच्या वकिलीसाठी हिची शाळा सुटली, ही हो म्हणाली. आई अंथरुणाला खिळली, हिनं ठरलेलं लग्न मोडलं, हो म्हणाली. घर भावाच्या नावावर करायचं होतं, तेव्हा मशिनवरचा पाय न काढता हिनं सही केली. हिला आजवर कुणी विचारलंच नाही. आम्ही फक्त कळवलं! आणि आज तुम्ही हिच्या पोटात हात घालून त्याला दान म्हणणार?”

समितीतल्या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांना राहवेना. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

धाकटी त्याच्याकडे बघत राहिली. “दादा, हे सगळं तुला ठाऊक होतं?”

“अगदी क्रमवार!” मांडूळ खुलला. तिचा चेहरा दिसला तेव्हा मात्र घाईने म्हणाला, “अगं, तो विरुद्ध पक्ष बोलत होता. मी नव्हे.”

“मला वाटायचं, तुझ्या लक्षातच नाही आलं कधी. बिचारा कामात असतो, म्हणायचे.” तिनं पदराला चिकटलेला दोरा काढला. “बरं, पक्ष बोलून झाले. आता तू बोल. किडनी हवीय ना? माग.”

मांडुळाने सवयीने चाकाला हात घातला.

“खुर्ची नको हलवूस. तिथूनच माग.”

“म्हणजे कसं मागू?”

“लहान मुलं मागतात तसं. ‘दे’ म्हणायचं. मी देणारच आहे रे. घरून ठरवूनच आलेय. फक्त एकदा माग.”

एका अक्षराचं काम. मांडुळाने तोंड उघडलं. ज्या जिभेनं न्यायाधीशांना रडवलं होतं, ती तोंडात चिखलात रुतलेल्या म्हशीसारखी बसली. अखेर त्याने घसा खाकरला, पाठ ताठ केली आणि म्हणाला,

“अध्यक्षमहोदया, या मागणीच्या संदर्भात—”

धाकटी उठली. पिशवी खांद्याला लावली.

“त्यांच्याकडेच माग मग,” म्हणाली आणि दार ओढून घेऊन गेली.

मांडुळाने आशेने समितीकडे पाहिलं. अध्यक्षबाईंपासून प्राध्यापकांपर्यंत एकूण एक सदस्य आपापली कंबर दोन्ही हातांनी झाकून बसला होता.