क्लिफची दहशत

"सॉरी," क्लिफ पास्क म्हणाला आणि शॉट पुन्हा वाया गेला.

दिग्दर्शक रोरीने कपाळाला हात लावला. "अहो क्लिफ, गुंड आहात तुम्ही. ढकललंय तुम्हाला नॉर्मनने. तुम्ही कसली माफी मागताय?"

"तोंडातून निघूनच जातं रे. कुणी पायावर पाय दिला तरी आपणच सॉरी म्हणायचं, आईची शिकवण."

"माझ्याही आईने तेच शिकवलंय. पण ती टोळी चालवत नाही. आता जमलं नाही तर तुमचं वाक्य नॉर्मनला देतो. जेवणाची गिऱ्हाइकं यायच्या आत पब रिकामा करायचाय."

क्लिफचं आयुष्य इंग्लंडातल्या बॅसिल्डन गावात बस चालवण्यात गेलं. पोरं मागे सीटवर चढून नाचायची आणि हा आरशातून नुसता बघायचा. घरचं मांजरसुद्धा त्याच्यासाठी खुर्ची सोडत नसे. त्यामुळे या गँगवॉरच्या सिनेमात म्होरक्याचं काम मिळालं तेव्हा तो हरखून गेला. जन्मात एकदा तरी कुणीतरी आपल्याला टरकावं, एवढीच त्याची इच्छा होती. सिनेमा इतका स्वस्तातला, की दोन्ही टोळ्यांत मिळून पिस्तूल एकच. ज्याच्यावर कॅमेरा, त्याच्या हातात ते. सगळ्यांचा नाश्ता क्लिफची बायको मॉरीन करत होती, तोही फुकट.

शत्रूटोळीतला नॉर्मन एरवी खाटीक. तो हळूच म्हणाला, "या वेळी जरा जोरात ढकलतो. लागलं तर रागावू नकोस हं."

"छे रे. उगाच तुला त्रास."

कॅमेरा सुरू झाला. नॉर्मनने असं ढकललं की क्लिफ थेट काउंटरवर जाऊन आदळला. कोपरातून कळ आली. शब्द जिभेवर आला होता, तो त्याने दात आवळून गिळला. मग नॉर्मनची कॉलर धरली आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "ही गल्ली माझी आहे. परत दिसलास तर तुझी आई ओळखणार नाही तुला."

नॉर्मनचा चेहरा पांढराफटक पडला. आपलं वाक्यच तो विसरला.

"कट," रोरी हळूच म्हणाला. मग टाळ्या पडल्या.

क्लिफ तडक सँडविचच्या टेबलाकडे गेला. "कसा वाटलो?"

मॉरीन लोण्याची सुरी हातात धरून तशीच उभी होती. "खरं सांगू? भीती वाटली मला तुझी."

हेच तर त्याला ऐकायचं होतं. पण तिच्या तोंडून नव्हे.

"माझी?"

तिने मान डोलावली.

क्लिफने काळा कोट काढून खुर्चीवर टाकला. तिच्या हातातली सुरी घेतली आणि तिच्या शेजारी उभा राहून पावाला लोणी लावू लागला. दोन्ही टोळ्यांना भूक लागली होती.