देवघरातलं हेल्मेट

हेल्मेटच्या आतल्या पांढऱ्या फोमवर, उजव्या कानाच्या जरा वर, केसाएवढी बारीक रेघ होती. बोटभर लांब. बाहेरच्या निळ्या कवचावर मात्र ओरखडाही नव्हता. होतं ते भवानीअम्मांनी लावलेलं कुंकू.

गेल्या हिवाळ्यात गुलमर्गला स्कीइंग करताना कौशिक झाडावर आदळला आणि हसत घरी आला. त्या धसक्यानं त्याच्या आजीचं, भवानीअम्मांचं, अन्नच तुटलं. मग त्यांनी हेल्मेट देवघरात ठेवलं, रोज फूल वाहू लागल्या आणि चार घास जेवू लागल्या. त्यांची सून, कौशिकची आई कीर्ती, कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. असला फोम धक्का जिरवताना एकदाच दबतो, पुन्हा उपयोगाचा राहत नाही, हे ती तेव्हाच सांगणार होती. पण देवघरात आहे, कुणाच्या डोक्यावर थोडंच आहे, असं म्हणत ती गप्प बसली.

आता धाकटी शरण्या स्नोबोर्डिंगच्या शिबिराला निघाली होती आणि विमानतळाकडे जाणारी गाडी चेन्नईतल्या नुंगंबाक्कमच्या गर्दीत रुतली होती. काचा बंद. मागच्या सीटवर मधोमध कीर्ती, एका अंगाला लेक, दुसऱ्या अंगाला मांडीवर हेल्मेट घेतलेल्या सासूबाई. गुडघे हलवायलाही जागा नाही.

"आजी, कुंकू कपाळावर उतरलं तर मैत्रिणी म्हणतील, लग्न करून आली!"

"म्हणू देत. तेवढ्यानं तरी जमेल, ऐयो!"

पुढे बसलेला तिचा नवरा शेषाद्री मान वळवून हसला. "कीर्ती, तू का गप्प? तुझ्या विज्ञानाला कुंकू चालत नाही वाटतं?"

"कुंकवाचं काही नाही," ती म्हणाली आणि पुढचं गिळलं. गाडी इंचभर सरकली, थांबली.

भवानीअम्मांनी तिच्या अंगावरून वाकून हेल्मेट नातीच्या डोक्यावर चढवलं, हनुवटीखाली पट्टा अडकवला. "पडलीस तरी भिऊ नको, कण्णा. हे आहे."

"भीती कसली? मी तर सगळ्यात मोठ्या उतारावरून सोडणार स्वतःला."

कीर्तीचा हात पट्ट्याकडे गेला. तिनं तो सोडवला.

"आई," ती सासूबाईंकडे वळून म्हणाली, "कौशिकला वाचवताना हे आतून फुटलंय. मला तेव्हापासून ठाऊक आहे. शरण्या हे घालणार नाही. नवं मिळेपर्यंत ती बर्फावर उतरणार नाही."