रबरी पंख्याची चावी

मोटर चालू झाली की तिच्या मानेखालून पाण्याची बारीक धार बाहेर पडायला हवी. "सू केली की समज, तब्येत ठीक," असं सुभेदार गोपीनाथ बोटीच्या मोटरीबद्दल सांगायचे आणि वसुधाबाई दर वेळी तोंडावर पदर घेऊन हसायच्या. चौऱ्याण्णवच्या जूनमधल्या त्या सकाळी ड्रमभर पाण्यात उभी केलेली मोटर दोन मिनिटं धडधडली, डोकं तापून रंगाचा वास सुटला, पण धार येईना.

"अहो, बंद करा! जळेल."

त्यांनी बंद केली. "पाणी खेचणारा पंखा नवा घातलाय मी. कालच."

नवा होता खरा. पण पंख्याला शाफ्टशी अडकवणारी नखाएवढी पोलादी चावी वसुधाबाईंना मघाशी चहाच्या बशीत सापडली होती. चावी नसली की शाफ्ट फिरतो, रबरी पंखा ढिम्म बसून राहतो, पाणी वर चढत नाही. सुभेदार फौजेतून निवृत्त झाल्यापासून आठ वर्षं, छावणीमागच्या या अंगणात त्या नवऱ्याच्या हातात पाने देत आल्या होत्या. एवढं त्यांनाही कळत होतं.

मोटर गोमतीवरच्या पूरचौकीची. छपरांवर अडकलेली माणसं तिच्याच बोटीतून उतरवायची. भर प्रवाहात जाम झाली, तर बोट थेट पुलाच्या खांबावर.

"मला शिकवा ना," त्या म्हणाल्या. "परत उघडून दाखवा."

"आता? या वयात?"

"मग काय, मेल्यावर शिकू?"

सुभेदार खुलले. बोल्ट काढले, खालचा पाय सुटा केला, पाण्याच्या वाटेतली जलपर्णीची मुळं तारेनं उपसली. पंखा फिरवत फिरवत कसा बसवायचा, पाती एकाच बाजूला का झुकली पाहिजेत, सगळं मास्तरासारखं सांगितलं. बशीतली चावी वसुधाबाईंनी त्यांच्या गुडघ्यापुढे वर्तमानपत्रावर ठेवली होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा. मग दुसऱ्या कुणाची तरी वस्तू असल्यासारखी बोटानं बाजूला सारली आणि झाकण लावलं.

"झालं."

"एवढंच? काही राहिलं नाही ना?"

"सोपं असतं गं. तू उगाच घाबरतेस."

ते पाणी प्यायला आत गेले. वसुधाबाईंनी झाकण काढलं, पंखा वर सरकवला, चावी ग्रीसमध्ये बुडवून खाचेत चिकटवली. चोरी करत असल्यासारखं एकदा दाराकडे पाहून झाकण पुन्हा लावलं.

पाय जोडून मोटर पुन्हा ड्रममध्ये चालू केली, तेव्हा धार आली. सुभेदारांनी ती तळव्यावर झेलली. "बघ! डोकं विसरेल, हात विसरत नाहीत."

दुपारी पूरचौकीचा नावाडी रामदीन ठेला घेऊन आला. "सूबेदार साब, एक और पड़ी है. उसका भी पानी नहीं आ रहा. कल ले आएँ?"

"ले आ!"

"नहीं भैया," वसुधाबाई म्हणाल्या. "अब मत लाना. इनसे नहीं होगा."

रामदीननं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि मोटर ठेल्यावर चढवली. सुभेदार भांडतील असं वसुधाबाईंना वाटलं होतं. भांडले असते तर बरं झालं असतं.

ते न्हाणीजवळ बसून हात धुऊ लागले. वसुधाबाई तांब्यानं पाणी घालत होत्या.

"किती वेळा चुकलो?"

"दोनदा."

त्यांनी मान हलवली. बोटांच्या पेरांतलं काळं काढत राहिले, काळं निघून गेल्यावरही.

"मग उद्या सकाळी उठून मी काय करायचं, तेवढं सांगून ठेव."

वसुधाबाईंनी तांब्या पुन्हा भरून घेतला.