अकरा छर्रे कमी

मी एक जुनी पत्र्याची डबी आहे. उंची तुमच्या करंगळीएवढी, रंग काळा, झाकण लाखेने बंद केलेले. माझ्यात कुणी काही ठेवत नाही आणि माझ्यातून कुणी काही काढत नाही. मला फक्त उचलायचे आणि खाली ठेवायचे. एवढ्याच कामात माझी चाळीस वर्षे गेली. हे ऐकून हसू आले असेल, तर हसून घ्या मित्रांनो. मी थांबते.

आम्ही एकूण आठ जणी. एकाच कारागिराने एकाच पत्र्यातून आम्हाला कापले, वाकवले, कथलाचे डाग देऊन जोडले आणि एकाच डब्यातला रंग फासला. डोळ्यांना आमच्यात फरक दिसता कामा नये, अशी मागणीच होती. फरक पोटात होता. मिरीहून जरा लहान असे शिशाचे छर्रे तोलून आत भरले आणि ते खुळखुळू नयेत म्हणून कापूस ठासला. माझ्या सात बहिणींची वजने होती अठ्ठ्याऐंशी, ब्याण्णव, शहाण्णव, शंभर, एकशे चार, एकशे आठ आणि एकशे बारा ग्रॅम. त्यांच्या बुडाला आकडे लिहिले. माझे वजनही शंभरच, पण माझ्या बुडाला आकडा नव्हता. तिथे एकच अक्षर होते, 'प्र'. म्हणजे प्रमाण. बाकीच्यांना माझ्याशी ताडून पाहायचे, मला कुणाशीही नाही. तेव्हापासून माझे नाक जे वर गेले, ते बरीच वर्षे खाली आलेच नाही.

आमची नेमणूक एका कॉलेजच्या मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत झाली. दोन खोल्या, लांब टेबले, भिंतीला एक अवजड लाकडी कपाट. तिथे माणसाच्या मनाचे मोजमाप चाले. मन दिसत नाही, मग मोजायचे कसे? तर असे. एका माणसाच्या डोळ्यांवर पट्टी बांधायची. त्याला तिथे 'प्रयोज्य' म्हणतात, पण काम फक्त बसण्याचे असते. त्याच्या हातात आधी मला द्यायचे, मग एका बहिणीला, आणि विचारायचे, दुसरी जड की हलकी? 'सारखी' असे उत्तर चालत नाही. निम्म्या वेळा क्रम उलटा करायचा, कारण नंतर उचललेली वस्तू माणसाला उगीचच जरा जड वाटते. तेव्हाही बहीण माझ्याहून जड वाटली की हलकी, तेच लिहायचे. प्रत्येक बहीण तीस वेळा, म्हणजे दोनशे दहा उचलणी.

एवढा खटाटोप कशासाठी, असे तुम्ही विचाराल. माणसाच्या हाताला बारीक फरक कळत नाही, मित्रांनो. शंभर आणि एकशे दोन ग्रॅम हातात द्या, तो नुसता अंदाज ठोकणार. एकशे बारा द्या, लगेच ओळखणार. या दोहोंच्या मध्ये कुठेतरी एक सीमा असते आणि ती शोधायला आम्ही होतो. एका उचलण्यावर विश्वास ठेवायचा नाही, तीस उचलण्यांवर ठेवायचा. एकदा चुकणारा हात तीसदा उचलताना कुठे झुकतो, ते बरोबर दाखवतो. शंभराच्या बहिणीला माझ्याशी ताडले, की तीसपैकी पंधराच्या आसपास 'जड' आणि तेवढेच 'हलकी' यायला हवे. दोघी सारख्याच, मग हात तरी काय करणार?

पहिले सर कडक होते. दर वर्षी कॉलेज उघडले, की आम्हा आठही जणींना शेजारच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत नेऊन काचेच्या पेटीतल्या तराजूवर बसवत. ते निवृत्त झाले आणि नवे सर आले. हुशार माणूस, फळ्यावर लिहायला लागले की मागच्या बाकावरचेही गप्प होत. त्यांनी सात बहिणींचे तराजूवर जाणे चालू ठेवले आणि माझे बंद केले. म्हणाले, "जिच्यावरून बाकीच्या ताडायच्या, तिलाच काय ताडायचं?" मला हे फार पटले. मी आणखी भाव खाऊ लागले.

प्रयोगशाळेत सगळ्यांचे मामा होते. शिपाई, झाडूवाले, चावीवाले आणि आमचे राखणदार, सगळे तेच एक. निवृत्तीला सहा महिने उरलेले, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. दर बुधवारी ते आम्हाला मऊ फडक्याने पुसत. अशाच एका बुधवारी मी त्यांच्या हातून सटकले. फरशीवर आपटले, झाकण एकीकडे, मी दुसरीकडे, आणि पोटातले छर्रे सैरावैरा धावत सुटले.

मामा गुडघ्यांवर बसले. टेबलाखालून, खुर्चीच्या पायांमागून एकेक छर्रा वेचून त्यांनी माझ्यात भरला. मग एका हातात मला आणि दुसऱ्या हातात शंभराच्या बहिणीला घेतले, डोळे मिटले, वरखाली केले आणि पुटपुटले, "तेवढीच आहे." मेणबत्तीवर लाख वितळवून त्यांनी झाकण बंद केले आणि मला जागेवर ठेवले. लबाडी केली नाही हो. त्यांच्या हाताला खरेच तेवढीच वाटली. अकरा छर्रे त्या अवजड कपाटाखाली गेले होते, हे फक्त मला ठाऊक होते. मला तोंड असते तर मी सांगितले असते का? खरे सांगते, नसते सांगितले. प्रमाण म्हणून मिरवायची सवय लागली होती.

त्याच महिन्यात प्रात्यक्षिके सुरू झाली. मुलांचे तंत्र मला पाठ होते. पहिली वीसेक उचलणी मनापासून, मग मनगट दुखते, घड्याळ दिसते आणि मागच्या वर्षीची कुणाची तरी वही दप्तरातून बाहेर येते. उरलेले आकडे तिच्यातून उतरतात. आम्ही टेबलावर बसून ऐकायचो, उचलायचे कुणी नाही आणि पेन मात्र चालू.

त्या वर्गात एक मुलगी होती. तिच्या वडिलांचे खिळ्यांचे दुकान होते आणि सुट्टीत ती तिथे खिळे तोलून देई. म्हणून वर्गात तिचे नाव पडले खिळेवाली. मुलांची संख्या विषम, त्यामुळे तिला जोडीदार मिळेना. सर म्हणाले, "बसव मामांना." मामा लाजत लाजत स्टुलावर बसले, पट्टी बांधून घेतली आणि तीन दुपारी एकही उचलणे न गाळता त्यांनी दोनशे दहा उत्तरे दिली. तिने एकेक लिहून घेतले. शंभराची बहीण माझ्याहून तेवीस वेळा जड निघाली. तिला शंका आली. तिने त्या बहिणीची तीस उचलणी पुन्हा घेतली, तर बावीस. माझ्याशी बरोबरी झाली ती शहाण्णवच्या बहिणीची, पंधराला पंधरा.

तिने तसेच लिहिले आणि वही सरांपुढे ठेवली.

"हे घरी बसून लिहिलंस का?" सरांनी विचारले.

"नाही सर. मामा बसले होते."

"शंभर आणि शंभर. पंधराच्या आसपास यायला हवं, तुझं तेवीस. बाकी सगळ्यांचं बरोबर येतं आणि तुझंच कसं चुकतं?"

"मलाही तसंच वाटलं, म्हणून परत केलं. बावीस आलं. सर, डब्या तराजूत घालून बघू या का?"

"प्रमाणाची डबी आहे ती," सर म्हणाले. त्यांनी मला एका हातात आणि बहिणीला दुसऱ्या हातात घेतले, वरखाली केले आणि खाली ठेवले. "सारख्या आहेत. शुक्रवारपर्यंत नीट करून आण, नाहीतर मी सही करणार नाही."

माणसाच्या हाताला काय कळत नाही, हे ज्यांनी वर्षभर फळ्यावर शिकवले, त्यांनीच एका उचलण्यात निकाल दिला. त्या सहीवाचून परीक्षेला बसता येत नव्हते. वर्ष गेले, तर कॉलेज पुरे आणि दुकानात बसायचे, असे तिच्या वडिलांनी आधीच बजावले होते. हे तिने ती तीस उचलणी पुन्हा घेताना मामांना सांगितले होते, म्हणून मला माहीत.

गुरुवारी दुपारी ती रिकाम्या प्रयोगशाळेत वही आणि खोडरबर घेऊन बसली. तेवीस पुसून पंधरा करायला अर्धे मिनिट पुरले असते. मामा तिच्यापुढे चहाचा कप ठेवून म्हणाले, "लिही ना पोरी पंधरा. कोण बघतंय?"

"तुम्हीच तर तेवीस वेळा जड म्हणालात."

"म्हातारा हात माझा. त्याचं काय धरून बसतेस?"

"मामा, आमच्या दुकानात एकच नियम आहे. काट्याला बोट लावायचं नाही. काटा चुकला असेल तर दुरुस्त करायचा, पण बोट नाही लावायचं." तिने खोडरबर बाजूला सारला. तिचे डोळे भरून आले होते. "तुम्ही प्रामाणिकपणे सांगितलंत, मी ते पुसू कशी?"

मामा शेजारच्या स्टुलावर टेकले. चष्मा काढला, पुसला, परत लावला. त्यांची नजर माझ्या झाकणावरच्या ताज्या लाखेवर गेली आणि मला कळले, आता आपले बिंग फुटणार.

"हात नाही गं चुकला," ते म्हणाले. "मी पाडलं होतं हिला." मग त्यांनी त्या बुधवारची सगळी हकिकत सांगितली. ज्या हाताने एकदा उचलून 'तेवढीच' म्हटले होते, त्याच हाताने साठ वेळा उचलून पंचेचाळीस वेळा 'नाही' म्हटले होते.

"सहा महिने राहिलेत माझे. नोकरीत एक डाग नाही आजवर," मामा म्हणाले.

तिने खोडरबर दप्तरात टाकला. मग वही मिटून म्हणाली, "मी सरांना काही सांगणार नाही मामा. पण पंधराही लिहिणार नाही." आणि चहा तसाच ठेवून ती निघून गेली. तिचे वर्ष आता मामांच्या शब्दावर अवलंबून होते.

शुक्रवारी सकाळी मामांनी मला फडक्यात गुंडाळले आणि थेट सरांच्या खोलीत नेले. "सर, ही माझ्या हातून पडली होती. हिला तराजूवर बसवा," एवढेच बोलले. सरांनी एकदा त्यांच्याकडे पाहिले, एकदा माझ्याकडे, आणि मुलीला बोलावून घेतले.

आम्ही रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत गेलो. काचेच्या पेटीत एका पारड्यात शंभराचे पितळी वजन, दुसऱ्यात मी. कितीतरी वर्षांनी मी तिथे बसत होते. पितळी वजन खाली गेले आणि मी वर उचलले गेले. चार ग्रॅमहून थोडी जास्तच कमी. सगळ्यांसमोर असे वर लटकताना मेल्याहून मेल्यासारखे झाले.

मामा आमच्या प्रयोगशाळेत परतले आणि मुलीच्या मदतीने ते कपाट हातभर पुढे ओढले. मागे धूळ, एका पेनाचे टोपण, एक सेफ्टीपिन आणि अकरा छर्रे. मामांनी ते फुंकर मारून तळहातावर आणले आणि माझ्याशेजारी पारड्यात ठेवले. काटा हलला, डुलला आणि मधोमध येऊन उभा राहिला.

सर खुर्चीत बसले. त्यांनी मुलीच्या वहीवर सही केली. मग बाकीच्या वह्यांचा गठ्ठा ओढला आणि एकेक उघडली. पंधरा, चौदा, पंधरा, सोळा, पंधरा. चार ग्रॅम कमी असलेल्या डबीशी ताडून सगळ्यांना पंधरा मिळाले होते. या सगळ्या वह्यांवर त्यांनी आधीच सही करून ठेवली होती. सरांचे कान लाल झाले.

"या सगळ्या परत द्या मामा," ते म्हणाले. "सगळ्यांना पुन्हा करायला सांगा. आणि डबी पडल्याचं नोंदवहीत लिहावं लागेल."

"लिहा सर," मामा म्हणाले.

सरांनी लिहिले: 'प्रमाण डबी पडून सदोष झाली. शिपायाने स्वतः कळवले. तिची दर वर्षीची तपासणी मी बंद केली होती.' खाली स्वतःची सही केली आणि वही मामांकडे वाचायला दिली. मामांनी ती दोनदा वाचली आणि चष्मा पुसायला काढला.

याला पुष्कळ वर्षे झाली. मामा डागाविना निवृत्त झाले. खिळेवालीला आता मुले बाई म्हणतात आणि ती प्रयोगशाळा तिच्याच ताब्यात आहे. नवी प्रमाण डबी आली आहे आणि ती दर वर्षी निमूटपणे तराजूवर जाते. माझे अकरा छर्रे एका काचेच्या कुपीत माझ्या शेजारी आहेत. बाईंनी ते परत भरले नाहीत, तेव्हा मला वाईट वाटले होते. वाटले, आता आपण अडगळ.

तसे झाले नाही. दर वर्षी नव्या मुलांचे पहिले प्रात्यक्षिक असते, तेव्हा बाई नव्या डबीऐवजी मला टेबलावर ठेवतात आणि काहीच बोलत नाहीत. मित्रांनो, हे तुमच्यापाशीच राहू द्या. कधी माझ्यापुढे बसलात, तर जपून उचला, पुन्हा पाडू नका, आणि हाताला जे वाटेल तेच लिहा, ते कितीही वेडेवाकडे दिसले तरी. दोनशे दहा वेळा मला उचलायचा कंटाळा येतो, हे मलाही समजते. पण ज्याच्या वहीत नेमके पंधरा असतात, त्याला बाई रागावत नाहीत. त्या फक्त मला त्याच्या हातात देतात आणि विचारतात, "हिला एकदा तरी उचललं होतंस का?"